तोच, तसाच आणि सारखा

फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेली यादी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर लिहिलंय: गूळ, खोबरं, वेलची. आता दुकानातून आल्यावर पिशवीतून निघालेली पावती बघा: गूळ, खोबरं, वेलची. जिन्नस तेच, क्रम तोच, संख्याही तीच. हे दोन कागद समान आहेत का?

स्वयंपाकघरात विचाराल तर 'हो, सगळं आलं' असं उत्तर मिळेल. घरचा हिशेब ठेवणारा म्हणेल, छे, यादीत अजून जायफळ घालता येईल, पावतीत कसं घालणार? यादी म्हणजे काय आणायचं ते, पावती म्हणजे काय आणलं ते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि माणसांचं अशा दोन उत्तरांवर छान निभतं. कॉम्प्युटरला मात्र हो किंवा नाही यांतलं एकच काहीतरी सांगावं लागतं. ते काय सांगायचं हे त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या कर्त्याने कधीतरी बसून ठरवलेलं असतं.

परदेशातल्या मराठी घरांत हल्ली कोणी ना कोणी पायथन लिहिणारं सापडतंच. तुम्ही स्वतः लिहीत नसाल तर मुलीला किंवा भाच्याला विचारा. पायथनमध्ये [१, २, ३] अशी चौकोनी कंसातली मांडणी म्हणजे 'लिस्ट'. ती आपली फ्रिजवरची यादी: भर घालता येते, खोडता येतं. (१, २, ३) अशी गोल कंसातली मांडणी म्हणजे 'ट्युपल'. ती पावती: एकदा छापली की छापली. दोन्ही 'सिक्वेन्स', शाळेतल्या गणिताच्या मराठीत क्रमिका. मधे बरोबरचं दुहेरी चिन्ह टाकून या दोन समान आहेत का असं विचारलं, तर पायथन म्हणतं: नाही.

आता गंमत बघा. त्याच पायथनला पूर्णांक १ आणि दशांश १.० समान आहेत का असं विचारलं तर उत्तर 'हो'. [१] आणि [१.०] या दोन लिस्टही समान. म्हणजे आतल्या आकड्यांचा प्रकार वेगळा असला तर चालतो, बाहेरच्या पिशवीचा प्रकार वेगळा असला तर चालत नाही. यामागे गणिताचा कुठलाही नियम नाही. इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा एक तुकडा थेट आपल्या नावांशी आणि आपल्या लिपीशी येऊन भिडतो. म्हणून हा लेख.

बरोबरचं चिन्ह पहिल्यांदा छापलं गेलं १५५७ साली, वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्ड यांच्या पुस्तकात. 'च्या बरोबर आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी दोन समांतर रेघा घेतल्या. यांच्याइतक्या एकमेकींसारख्या दुसऱ्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असा त्यांचा खुलासा. (आपण मराठीत तर एकाच 'बरोबर' शब्दात समान, अचूक आणि सोबत असे तीन अर्थ कोंबले आहेत.) गणितात ते चिन्ह निर्धोक चाललं, कारण गणितातला ३ कुठे ठेवलेला नसतो. कॉम्प्युटरमधली प्रत्येक गोष्ट मात्र मेमरीत कुठल्या तरी पत्त्यावर राहते, त्यामुळे 'समान का?' या एका प्रश्नाचे लगेच दोन प्रश्न होतात. तोच आहे का? की तसाच आहे? पॉटलकनंतर स्टीलचे डबे परत करताना हा फरक आपल्याला चांगला कळतो. तसाच डबा घरी आला म्हणून तोच आला असं होत नाही, आणि झाकण लागेना की मग फोनाफोनी सुरू होते.

हा फरक प्रोग्रॅमिंगमध्ये अगदी सुरुवातीपासून आहे. १९६० साली एमआयटीतल्या जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेचा पाया घालणारा निबंध प्रसिद्ध केला. लिस्प म्हणजे लिस्ट प्रोसेसिंगचंच लघुरूप, तेव्हा याद्यांची तुलना हा तिथे घरचाच मामला. मॅकार्थींनी दोन कसोट्या दिल्या. 'ईक्यू' ही फक्त अविभाज्य चिन्हांसाठी, ज्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत त्यांच्यासाठी. 'इक्वल' ही यादीच्या आत शिरून तुकड्या-तुकड्याची तुलना करणारी. पुढे लिस्पच्या प्रत्यक्ष वापरात ईक्यूचा अर्थ 'पत्ता एकच आहे का' असा रुळला, म्हणजे आपलं 'तोच', आणि इक्वल झालं 'तसाच'.

दोनांवर भागलं नाही. १९८४ मध्ये गाय स्टील यांच्या पुस्तकातून कॉमन लिस्प आली तेव्हा कसोट्या चार झाल्या होत्या: ईक्यू, ईक्यूएल, इक्वल, इक्वलपी. इक्वल दोन याद्या आत शिरून तपासते, पण तीच सामग्री दोन व्हेक्टरमध्ये, म्हणजे सलग कप्प्यांच्या रांगांत ठेवली, तर ते दोन वेगळे मानते. अपवाद अक्षरांच्या रांगेचा, तिथे पुन्हा आत शिरते. इक्वलपी व्हेक्टरच्याही आत शिरते, पण तिला मोठी आणि लहान रोमन अक्षरंही सारखीच वाटतात. यादी आणि व्हेक्टर यांत जिन्नस एकच असले तरी ते समान मानायला मात्र चौघींपैकी कोणीच तयार नाही. चार चाळण्या घरात आणि हवी ती जाळी एकीचीही नाही! लिस्पच्या वर्तुळातले केंट पिटमन यांनी यावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की सगळ्यांना पुरेल अशी एकच 'इक्वल' असूच शकत नाही, कारण दोन गोष्टी कशासाठी तुलना करायच्या आहेत हा हेतू त्या गोष्टींच्या आत कुठेही लिहिलेला नसतो. यादी आणि पावतीचं उदाहरण त्यांचं नाही, माझं आहे, पण मुद्दा त्यांचाच.

बाकीच्या भाषांनी वाटेत जे उद्योग केले ते झटकन सांगते. सी भाषेत दोन ॲरे बरोबरच्या चिन्हाने ताडून बघितले तर आतलं काहीच तपासलं जात नाही, फक्त पत्ते ताडले जातात. पर्लमध्ये दोन ॲरेंमध्ये हे चिन्ह टाकलं की त्यांची लांबी तपासली जाते. तीन माणसांची यादी आणि तीन भाज्यांची यादी पर्लच्या या चिन्हाला समान! आणि जावास्क्रिप्ट? तिथे [१, २] आणि [१, २] समान नाहीत, कारण ते दोन वेगळे डबे. पण [१, २] आणि "१,२" हे नुसतं लिहिलेलं वाक्य मात्र दुहेरी चिन्हाने समान ठरतं, कारण तुलनेआधी ॲरेचं गुपचूप अक्षरांत रूपांतर होतं. जुळ्या भावाला दारात अडवायचं आणि त्याच्या फोटोला आत घ्यायचं, असा हा न्याय आहे. हॅस्केलने सरळ तिसरंच उत्तर निवडलं: लिस्ट आणि ट्युपल यांची तुलना करायला गेलात तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. उत्तर हो नाही, नाही नाही, प्रश्नच चुकीचा.

आता ॲम्स्टरडॅम. सीडब्ल्यूआय ही डच गणित आणि संगणनशास्त्राची संस्था शहराच्या पूर्वेला आहे. मी सायकलने त्या बाजूला जाते तेव्हा बाहेरून अगदी साधी दिसणारी ती इमारत लागते, आणि पाहुण्यांना दाखवली तर त्यांना पवनचक्की बघायची घाई असते. याच संस्थेत लॅम्बर्ट मेर्टेन्स, लिओ खर्ट्स आणि स्टीव्हन पेंबर्टन यांनी नवशिक्यांसाठी एबीसी नावाची भाषा बनवली होती. तिच्यात मोजून पाच प्रकार होते: संख्या, मजकूर, कंपाउंड, लिस्ट आणि टेबल. त्यातली लिस्ट स्वतःच स्वतःला क्रमाने लावून घ्यायची, तेव्हा ती आपल्या ओळखीची यादी नव्हे. कंपाउंड म्हणजे ठरावीक संख्येच्या वेगवेगळ्या गोष्टींची मोट, उदाहरणार्थ एखाद्याचं नाव, वय आणि गाव. एबीसीवर काम केलेल्या गिडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत स्वतःची भाषा लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांसमोर ठेवली. ती पायथन. कंपाउंडचं तिथे ट्युपल झालं, आणि लिस्ट ही तुम्ही लावाल त्या क्रमात राहणारी, वाढणारी, कमी होणारी यादी झाली.

या वंशावळीतच 'नाही'चं कारण आहे. पायथनच्या कर्त्यांच्या मनात लिस्ट म्हणजे एकाच जातीच्या कितीही गोष्टींची रांग आणि ट्युपल म्हणजे एक नोंद, पास्कलच्या रेकॉर्डसारखी किंवा सीच्या स्ट्रक्टसारखी. पायथनच्या अधिकृत प्रश्नोत्तरांतही ट्युपलची ओळख अशीच करून दिलेली आहे. गणपतीला आलेल्या पाहुण्यांची यादी आणि एका पाहुण्याची नोंद यांतले शब्द योगायोगाने जुळले तरी त्या एक कशा?

हे पटतं. पण पायथन स्वतः ते कितपत पाळतं? २००८ मध्ये आलेल्या पायथन २.६ मध्ये नेम्डट्युपल दाखल झालं: कप्प्यांना नावं असलेलं ट्युपल. आता (३, ४) हा नकाशावरचा बिंदू आणि (३, ४) ही फरशीची लांबी-रुंदी असे दोन वेगळे नेम्डट्युपल बनवा आणि ताडून बघा. पायथन म्हणतं समान! नोंद म्हणून वेगळेपण जपायचं तर ते इथे जपायला हवं होतं. दुसरं कारण लोक देतात ते बदलण्याचं: लिस्ट बदलता येते, ट्युपल येत नाही, म्हणून दोन्ही वेगळे. तेही पुरतं टिकत नाही. पायथनमध्ये 'सेट' बदलता येतो आणि 'फ्रोझनसेट' बदलता येत नाही, तरी दोन्हींत तेच घटक असले तर ते समान. 'बाइट्स' बदलता येत नाहीत, 'बाइटॲरे' बदलता येतो, तेही समान. म्हणजे एकाच भाषेच्या घरात तीन जोड्या, दोघींना एक नियम आणि तिसरीला वेगळा. मला यात दोष काढायचा नाही. भाषा एका बैठकीत बनत नाही. सेट २००४ च्या सुमारास भाषेत मुरला तेव्हा लिस्ट आणि ट्युपल यांचं भांडण तेरा वर्षं जुनं झालं होतं, आणि जुना निर्णय फिरवला तर जगभरचे चालू प्रोग्रॅम कोसळतात.

त्या जुन्या काळातली आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. पायथन २ पर्यंत लिस्ट आणि ट्युपल समान नसले तरी त्यांच्यात लहान-मोठं होतं. कुठलीही लिस्ट कुठल्याही ट्युपलपेक्षा लहान, आत काहीही असो. कारण? प्रकाराच्या इंग्रजी नावांची वर्णानुक्रमे तुलना व्हायची आणि 'एल' हे 'टी'च्या आधी येतं. हजेरीपटावर आधी नाव म्हणून उंचीने लहान! पायथन ३ ने हा प्रकार बंद केला. आता लहान-मोठं विचारलं तर ते चूक दाखवून थांबतं. समानता विचारली तर मात्र अजूनही न थांबता शांतपणे 'नाही' म्हणतं.

तो शांतपणा महागात पडू शकतो. पायथन २ मध्ये 'रेंज(३)' लिहिलं की खरीखुरी लिस्ट मिळायची, [०, १, २] च्या समान. पायथन ३ मध्ये रेंज हा स्वतंत्र प्रकार झाला आणि तीच तुलना 'नाही' झाली. कुठे चूक दिसली नाही, कुठे प्रोग्रॅम थांबला नाही. फक्त एक 'जर' खरा ठरायचा तो खोटा ठरू लागला.

हेच कोडं दुसऱ्यांनी वेगळं सोडवलं. जावाच्या १९९८ च्या १.२ आवृत्तीत जोशुआ ब्लॉक यांनी रचलेले संग्रहप्रकार आले आणि त्यांच्याबरोबर एक लेखी करार आला. लिस्ट आतून साखळीची बनलेली असो किंवा सलग कप्प्यांची, घटक आणि क्रम तेच असले तर दोन्ही समान. पण लिस्ट फक्त लिस्टच्या समान होऊ शकते आणि सेट फक्त सेटच्या. हा कडकपणा सममितीसाठी होता: मी तुझ्यासारखा, तर तूही माझ्यासारखा असायला हवास. एकाने हो आणि दुसऱ्याने नाही म्हटलं तर तो प्रोग्रॅम कशाच्या भरवशावर चालणार? मूळचे ॲरे मात्र या करारात नव्हते आणि ते अजूनही फक्त 'तोच' ओळखतात.

त्याआधी, १९९३ मध्ये, हेन्री बेकर यांनी लिस्पच्या त्या चार चाळण्यांचा वैतागून निकाल लावला होता. त्यांची कसोटी सोपी आहे. बदलता येणारी गोष्ट फक्त स्वतःच्याच समान, कारण आज तशीच दिसणारी दुसरी उद्या वेगळी होईल. न बदलणारी गोष्ट तिच्यातल्या ऐवजाने ओळखावी. फ्रिजवरची यादी लॅमिनेट करून टाकली की तिच्यात आणि पावतीत भांडायला उरतं काय? १४ वर्षांनी, २००७ मध्ये, रिच हिकी यांनी क्लोजर ही भाषा आणली तेव्हा तिच्या समानतेच्या मुळाशी हा विचार होता. क्लोजरमधले संग्रह मुळातच बदलत नाहीत, आणि तिथे [१ २ ३] हा व्हेक्टर आणि (१ २ ३) ही लिस्ट समान आहेत. पायथनचं 'नाही' तिथे 'हो' आहे, आणि दोन्ही भाषांत रोज हजारो लोक पोट भरतात.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, बरं, हौशी लोकांचे वाद आहेत, आपल्याला काय त्याचं? आता आपलं येतं.

अक्षरांची माळ, म्हणजे स्ट्रिंग, हीसुद्धा पायथनच्या लेखी एक सिक्वेन्सच. १९९१ च्या पायथनमध्ये ती बाइटांची माळ होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, जिच्यात देवनागरीची मांडणी भारताच्या इस्की या प्रमाणकावरून घेतली होती. म्हणजे पायथन जन्मलं तेव्हा 'ळ'चा युनिकोडमधला क्रमांक अजून छापूनच आलेला नव्हता. २००० सालच्या पायथन २.० मध्ये युनिकोड आलं, पण जुन्या स्ट्रिंगला हात न लावता, शेजारी दुसरा प्रकार म्हणून. एका भाषेत दोन स्ट्रिंग: एक बाइटांची, एक युनिकोडची. लिस्ट आणि ट्युपल यांच्यासारखेच दोन वेगळे सिक्वेन्स प्रकार. आणि या जोडीसाठी निर्णय झाला तो सोयीचा: दोन्ही समान असू शकतील. तुलनेच्या वेळी बाइटांची माळ 'आस्की' समजून वाचायची आणि मग ताडायची. आस्की म्हणजे १२८ चिन्हं, रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं धरून. त्यात इंग्रजी बसते. जर्मनांचा 'म्युलर'सुद्धा त्याच्या दोन टिंबांसकट बसत नाही, मग देवनागरीचं काय घेऊन बसलात.

समजा, त्या काळात तुमच्या महाराष्ट्र मंडळाची सभासदांची यादी एका फाइलमध्ये होती आणि वर्गणीची यादी दुसरीकडून आली होती. एक बाइटांच्या प्रकारात, दुसरी युनिकोडच्या. रोमन लिपीत लिहिलेलं 'जोशी' दोन्हीकडे असलं तर पायथन २ म्हणायचं: समान. देवनागरीत लिहिलेलं 'जोशी' दोन्हीकडे असलं तर: समान नाही. माणूस तोच, आडनाव तेच, पडद्यावर अक्षरंही हुबेहूब तीच. आत मात्र युनिकोडच्या माळेत चार घटक (ज, ओकार, श, दीर्घ ईकार) आणि यूटीएफ-८ मध्ये साठवलेल्या बाइटांच्या माळेत बारा, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्या बारांतला पहिलाच आस्कीच्या बाहेरचा. तिथेच वाचन संपायचं.

वाचन अडल्यावर पुढे काय करायचं हा निर्णयही दोनदा झाला. आधी अशी तुलना चूक दाखवून प्रोग्रॅम थांबवायची. २००६ च्या पायथन २.५ मध्ये ते बदललं: 'समान नाही' म्हणायचं आणि एक इशारा छापायचा. सबब व्यवहारी होती. डिक्शनरीत एखादी किल्ली शोधताना पायथनला मधल्यामध्ये अशा तुलना कराव्या लागतात, आणि भलत्याच किल्लीपाशी प्रोग्रॅम कोसळला तर लोक गोंधळतात. चूक दाखवणंच खरं तर काटेकोर, पण त्याने चालू प्रोग्रॅम बिघडतील, हे त्या वेळच्या नव्या आवृत्तीच्या टिपणात मोकळेपणाने म्हटलेलं आहे. तो इशारा एरवी प्रोग्रॅमच्या त्या ओळीसाठी एकदाच छापला जायचा. यादीत पाचशे देवनागरी नावं असली तरी एकदाच. बाकीची ४९९ आवाज न करता 'नाही' व्हायची.

आणि हे लक्षात यायला वेळ का लागायचा? कारण प्रोग्रॅम तपासायला घेतलेली नावं बहुधा रोमन लिपीतली असतात. तिथे सगळं सुरळीत. सोयीची समानता ही ज्यांची लिपी त्या १२८ चिन्हांत बसते त्यांचीच सोय होती, आणि त्यांना ती सोय आहे हेच कधी दिसलं नाही. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. आस्की हा तेव्हाचा सावध, मधला मार्ग होता. दुसरी कुठली लिपी-पद्धत गृहीत धरली असती तर चुकीची अक्षरं 'बरोबर' म्हणून पुढे गेली असती. पण सावधपणाची किंमत कोणाच्या खात्यावर पडली, तेही नोंदवून ठेवायला हवं.

पायथन ३.० हे ३ डिसेंबर २००८ ला आलं आणि त्याने ही दोन स्ट्रिंगची सोयरीक मोडली. बाइट्स वेगळे, मजकूर वेगळा, आणि दोघं कधीही समान नाहीत. रोमन 'जोशी'सुद्धा नाही. ज्यांचं सगळं सुरळीत चाललं होतं त्यांचे प्रोग्रॅम आता अडू लागले, आणि पुढची दहा वर्षं इंग्रजी जगात पायथन ३ च्या नावाने बोटं मोडली गेली: इतका जाच कशाला, आधी चालत होतं की! चालत होतं खरं, पण कोणाचं? आता निदान रोमन 'जोशी' आणि देवनागरी 'जोशी' एका रांगेत उभे होते. कुठल्या लिपीतले बाइट आहेत हे दोघांनाही आधी सांगावं लागत होतं, आणि सांगितलं की दोघांचंही काम होत होतं. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला आणि शेवटची २.७.१८ ही आवृत्ती त्या एप्रिलमध्ये निघाली. लिस्ट आणि ट्युपल यांच्या बाबतीतला कडकपणा मला अजूनही थोडा मनमानी वाटतो. बाइट आणि मजकूर यांच्या बाबतीतला कडकपणा मला न्यायाचा वाटतो, आणि देवनागरीत नाव लिहिणाऱ्या माणसाने तो तसाच मानावा असं माझं मत आहे.

अर्थात प्रकार एक झाला म्हणून भांडण मिटतं असं नाही. दोन्ही माळा युनिकोडच्या असल्या तरी पायथन त्यांची तुलना एकेका घटकाने करतं, आणि मराठीत एकच अक्षर वेगवेगळ्या घटकांनी लिहिता येतं. शाळेत 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक बाईंनी शिकवलेला आठवतो? पहिल्यात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. तसंच 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन. हा आडवा, पापणीसारखा रफार आपला खास. युनिकोडमध्ये तो तीन रीतींनी साठवता येतो. एक, 'ऱ' हा स्वतंत्र क्रमांकाचा वर्ण आणि पुढे हलन्त. दोन, साधा 'र', त्याला नुक्ता आणि पुढे हलन्त. तीन, साधा 'र', हलन्त आणि पुढे झिरो-विड्थ-जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर तिन्ही 'दऱ्या' सारख्याच उमटतात. पायथनला त्या तीन वेगळ्या माळा आहेत, पाच घटकांची एक आणि सहा-सहा घटकांच्या दोन, आणि कुठल्याही दोन एकमेकींच्या समान नाहीत.

यावर 'नॉर्मलाइझ' नावाचा उपाय पायथनमध्ये २००३ पासून आहे. युनिकोडच्या नियमांनुसार तो नुक्त्याचा 'र' उचलून त्या जागी 'ऱ' ठेवतो, त्यामुळे पहिली आणि दुसरी रीत जुळते. तिसरीला तो हात लावत नाही. मग एखादा व्यवस्थित प्रोग्रॅमर काय करतो, तर तुलनेआधी मजकुरातली सगळी न दिसणारी चिन्हं काढून टाकतो. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. तिसऱ्या रीतीच्या 'दऱ्या'मधून ते चिन्ह गेलं की मागे उरतं द, र, हलन्त, य आणि काना. सह्याद्रीतल्या दऱ्यांच्या जागी समुद्र येतो, आणि त्याची खऱ्या 'दर्या'शी तुलना केली की पायथन निःशंकपणे सांगतं: समान.